मामांचे हिरवे डबे

माझ्या बायकोच्या मामांनी थुंकीचा जेवढा मान राखला, तेवढा साऱ्या नगर जिल्ह्यात कोणी व्याह्यांचासुद्धा राखला नसेल. मामा पारनेरात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. अंगाने काटकुळे, आवाजाने दांडगे. त्यांची कामाची वाटणी एकदम स्पष्ट होती. "मानसाच्या आत काय हाय ते डॉक्टर बघतील," ते म्हणत, "पन आतलं जे जे भायेर येतं, ते समदं माझ्याकडं." रक्त, पू, थुंकी, ओकारी, जखमेवरून काढलेला कापूस, यातलं काहीही मामांच्या परवानगीशिवाय त्या दवाखान्याचा उंबरा ओलांडू शकत नसे. मागच्या अंगणात त्यांनी कमरेइतका खड्डा खणला होता, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, आणि रोज सकाळी घमेलंभर चुना आणि वाटीभर रॉकेल घेऊन ते तिकडे निघाले की बाकावरचे पेशंट पाय वर घेऊन बसत. देवाच्या पालखीला एवढी वाट मिळत नसेल.

सुया उकळण्याचा त्यांचा प्रकार तर बघण्यासारखा होता. त्या काळी काचेची सिरिंज आणि सुई सगळ्यांना एकच, उकळून वापरायची. डॉक्टर म्हणाले होते, वीस मिनिटं उकळा. दवाखान्यातलं घड्याळ भरवशाचं नव्हतं, म्हणून मामा स्टोव्हसमोर उभे राहून मंगलाष्टकं म्हणत. पूर्ण म्हणत, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून. दोन लग्नं लागली की सुया निर्धोक. बाकावरून एखादा म्हातारा कण्हत विचारी, "मामा, लगीन लागलं का न्हाई अजून? कंबर धरली माजी!" मामा बोट वर करून त्याला गप्प करत, शेवटचं 'सावधान' खड्या आवाजात म्हणत, आणि चिमट्याने सुई उचलून थेट त्याच्याकडेच वळत. त्या शब्दाचा अर्थ पारनेरकरांना लग्नात कळला नसेल तेवढा त्या बाकावर कळला.

मग दुष्काळ पडला. बहात्तर सालचा. विहिरी कोरड्या, टँकरच्या वाटेवर घागरींची रांग, आणि मामांचा हट्ट कायम, की रोजच्या दोन घागरी सुयांच्या आणि हात धुण्याच्या. बायका रांगेतून ओरडत, "हितं प्यायला पानी न्हाई, आन ह्येंच्या सुयांना न्हानं लागतंया!" मामांनी घरच्या पाण्यातून दवाखान्याचं पाणी भागवायला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात सुया रोज आंघोळ करत होत्या आणि मामा आठवड्याने. मामी त्यांना जेवायला ओसरीवर वाढत.

अशा त्या कोरड्या वर्षात मामांना डब्यांचं वेड लागलं. दूध-पावडरीचे रिकामे डबे त्यांनी कुठून कुठून जमवले, त्यांना दाराचा हिरवा रंग फासला, आत मूठभर लाकडाचा भुसा टाकला, आणि गावाला वाटत सुटले. थुंकायचं तर डब्यात, झाकण लावायचं, सकाळी दवाखान्यात आणून द्यायचा, मामा आतलं जाळून डबा परत करणार. न्हावी, तलाठी, एसटीचा कंट्रोलर, कोणी सुटलं नाही. मी मास्तर होतो त्या शाळेत येऊन त्यांनी हेडमास्तरांसकट दहा शिक्षकांच्या टेबलांवर दहा डबे मांडले. एक बडे बागाईतदार आबा होते, दिवसभर तोंडात तंबाखू. बाजाराच्या दिवशी मामा त्यांच्या हनुवटीखाली डबा धरून अख्खा रस्ता त्यांच्या बरोबरीनं चालले. "आबा, थांबा! हितं! हितं सोडा!" चारचौघांत डब्यात थुंकणं आबांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी तंबाखू गिळली, आणि तीन दिवस उचक्या देत बसले. आबांनी डॉक्टरांकडे तक्रार केली. डॉक्टरांनी मामांना सगळ्यांदेखत झापलं. मामा खाली मान घालून उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबे घेऊन हजर. गावात त्यांचं नाव डबेवाले मामा पडलं. पोरं मागून डबे वाजवत जायची.

मामांची सगळ्यांत झकास नक्कल कोण करत असेल तर मी. मधल्या सुट्टीत खुर्चीवर उभा राहून मी "आबा, थांबा!" असं सुरू केलं की हेडमास्तरसुद्धा डोळे पुसत. नक्कल संपली की मी घाम टिपत खाली बसे आणि माझ्या हिरव्या डब्यात हळूच थुंके.

आता न सांगितलेली गोष्ट सांगतो. डबे निघायच्या तीन महिने आधी मामा आमच्या घरी आले होते. मी खोकलो, रुमाल तोंडाला लावला, आणि घाईने खिशात घातला. मामांनी हात पुढे केला. "जावईबापू, आना इकडं." रुमालावर रक्ताचा ठिपका होता. त्यांनी तो चुलीपाशीच्या चिमट्यात धरला. "ह्यो आता तुमचा न्हाई," म्हणाले आणि चुलीत टाकला. क्षय होता. शाळेत मी अजून कायम झालो नव्हतो. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती. शाळेत कावीळ सांगून मी रजा घेतली. रोज एक सुई टोचून घ्यायला जायचो, आणि बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल असं मामा ओरडायचे, "ह्ये शिकलेलं जावई! अंगात ताकदच न्हाई. द्या ताकदीचं इंजेक्शन!" जिना चढताना मधेच बसावंसं वाटे, असा तो थकवा होता. पुढे डॉक्टरांनी शाळेत जायची परवानगी दिली, पण एक अट घातली. अजून काही महिने थुंकायचं ते झाकणाच्या डब्यात, आणि ते रोज जाळायचं. मी रडायच्या बेताला आलो. हातात झाकणाचा डबा घेऊन हिंडणारा मास्तर म्हणजे गावात दवंडीच.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मामांनी डबे रंगवले. मला वाटलं, काय आपलं नशीब, म्हाताऱ्याला नेमकं आत्ताच वेड लागलं!

माझ्या थुंकीचा शेवटचा रिपोर्ट साफ आला, त्या दिवसापासून मामांनी डब्याचं नाव काढलं नाही. लोकांनी त्यात खिळे ठेवले, बी-बियाणं ठेवलं, तरी ते गप्प. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. संध्याकाळी खड्ड्यापाशी गेलो. मामा काट्यांच्या कुंपणाला टेकून बसले होते, चुन्याने हात पांढरे, दमलेले. मी म्हणालो, "मामा, ते डबे माझ्यासाठीच ना?"

"छ्या," ते म्हणाले. "दाराचा रंग उरल्ता."

पुढे मी कायम झालो, आणि काही वर्षांनी मामा गेले. दहाव्याला नदीवर सगळं पारनेर जमलं होतं. विधी चालू होते, कावळा शिवत नव्हता, माणसं कंटाळली होती. हळूहळू डब्यांच्या गोष्टी निघाल्या. म्हातारे आबाही हसत होते. कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, करून दावा की मामांचं." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो, हात पुढे केला आणि म्हणालो, "आबा, थांबा! हितं!" सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला ठसका लागला. बराच वेळ खोकलो.

संशयाने कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.