मुठीचा डबा

झरीला आमची पिठाची चक्की आहे. संध्याकाळी चक्की बंद झाली की खाली सांडलेलं पीठ मी झाडून घेते, पण दिवसभर बायकांनी सांगितलेल्या गोष्टी काही झाडून निघत नाहीत! गावात काय महाग झालं हे बाजाराच्या आधी आमच्या चक्कीवर कळतं. कोणाच्या डब्यात काय आलं आणि किती आलं, एवढं बघितलं की झालं. त्यात दळणाला थांबलेल्या बाईला गप्प बसवणारा माणूस अजून जन्मायचाय. मला तर आता सांगितल्याशिवाय राहवत नाही, तर ऐकाच!

पण आधी डब्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासून एक रीत आहे. दळण झालं की प्रत्येक बाईनं जाताना मूठभर पीठ दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ते पीठ जातं गयाबाई आजीला. आजी एकटी, वय झालेलं, पण ताठा असा की विचारू नका! शोभाबाईनं एकदा वाटीभर वरण पाठवलं, तर आजीनं वाटीत चिंचा भरून परत पाठवली आणि वर निरोप, "मी काय मागून खाते का?"

म्हणून आम्ही तिला खोटंच सांगून ठेवलंय. म्हणायचं, "आजी, हे चक्कीत अडकलेलं पीठ हाय. झाडण. न्हाई नेलं तर म्हशीला घालावं लागतंय." मग आजी संध्याकाळी येते, आमचं अंगण झाडते आणि हक्कानं पिशवी नेते. ज्वारी, गहू, बाजरी सगळं एकत्र. "धपाट्याला असंच पीठ लागतंय बघ," म्हणते. गावातल्या साऱ्या बायकांना हे ठाऊक आहे. फक्त आजीला नाही!

* * *

आता शोभाबाई. ही आमच्या चक्कीचा भोंगा आहे.

टमाटे शंभराच्या पुढं गेले तेव्हा तिनं पाव किलोच आणले आणि भाजीत घालायचं सोडून टोपलीत मांडून खिडकीत ठेवले. का? तर रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसावेत म्हणून! भाजीत चिंचच चालू होती. चार दिवस गल्लीत तिची कॉलर ताठ. पाचव्या दिवशी शेजारच्या काशीबाईच्या शेळीनं खिडकीत तोंड घातलं आणि टोपली साफ केली.

शोभाबाई चप्पल घेऊन शेळीच्या मागं, "अगं थांब, पंचवीस रुपये खाल्लेस माझे!" आख्खी गल्ली बाहेर आली. काशीबाई मात्र शांतपणे म्हणाली, "कामून वरडायलीस? नुकसान माझंच झालंय. आता हिला पाल्याची चव लागायची का?"

* * *

तेल महागलं तेव्हाची गोष्ट तर शोभाबाईनं स्वतःच सांगितली, आणि तीही भर गर्दीत.

तेलाची पिशवी डब्यात रिकामी केल्यावर ती आधी उलटी टांगायची. मग कापून तव्याला पुसायची. एवढ्यानं हिचं समाधान झालं नाही. तेलाची चकाकी राहिली म्हणून तिनं ती पिशवी केसांवरून फिरवली!

"मंग काय सांगू वैनी, मालक शेतातून आले, जवळ बसले. लय दिवसांनी एवढे जवळ बसले, मी आपली लाजायलेय. तर म्हणतात कसे, 'आज भजे केलेत का गं?'"

रांगेतल्या बाया हसून हसून पिठाच्या डब्यांवर बसल्या. आमचे मालक चक्की बंद करून बाहेरच निघून गेले.

* * *

आमच्या लहानपणी भाकरी रोजची आणि पोळी सणाची. आता ज्वारीच्या भावानं डोकं वर काढलंय आणि गहू रेशनवर मिळतोय. पण ही उलटापालट सगळ्यांच्या ध्यानात आलेली नाही.

शोभाबाईची लेक बोरीला दिलीय. तिच्या सासरची मंडळी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेली आणि परत जाताना झरीला उतरली. शोभाबाईनं आदल्या दिवशीच माझ्याकडून ताजी ज्वारी दळून नेली होती, चांगली पांढरीशुभ्र. ताटात गरम भाकरी, ठेचा, पिठलं. विहीणबाईंनी ताटाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. "आमी पाहुणे हावोत. भाकरीवर बोळवण करायलात व्हय?"

शोभाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ओ विहीणबाई, पोळ्या तर आमी रोजच खातोत! भाकरी तुमी आलात म्हणून केलीय!"

विहीणबाईंनी तीन भाकरी खाल्ल्या आणि दोन बांधून नेल्या.

* * *

वीजबिल वाढलं तेव्हा आमचीही पाळी आली. मालकांनी खडूनं बोर्डावर किलोमागं एक रुपया वाढवला आणि स्वतः चक्कीच्या मागं जाऊन बसले. मला पुढं केलं! नवरा म्हणून एवढा शूर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शोभाबाईनं बोर्ड वाचला आणि पेटली. "आस्सं? मंग आमी बी रांगेत उभं राहायचे पैसे घ्यायलोत. तासाला वीस!" बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. मालक बाहेर आले, खांद्यावरच्या रुमालानं बोर्ड पुसला, जुनाच भाव लिहिला आणि पुन्हा आत गेले.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई आली, दळण घेतलं आणि गुपचूप वाढीव पैसे हातावर ठेवले. मी म्हटलं, "अगं, भाव तर पुसला ना?"

"लिहू नका म्हणलं मी. वाचलं की राग येतोय. घ्यायला कुठं न्हाई म्हणलं?"

तेव्हापासून आमचा बोर्ड जुना आणि भाव नवा आहे!

* * *

पण या महागाईनं एक गोष्ट अशी केली की मला हसू आलं नाही. डब्यातल्या मुठी लहान झाल्या.

कोणी रीत मोडली नाही. हात डब्यात जायचा, पण मुठीची चिमूट झाली होती. आजीच्या पिशवीत निम्मंच पीठ जायला लागलं. बायकांना बोलू कसं? त्यांच्या घरचं मला दिसतच होतं, दहा किलोचे डबे सहा किलोवर आले होते. मी काही दिवस घरचं पीठ मिसळलं, पण आमचंही खाली-वर चाललेलं. एकदा पिशवी हातात तोलून आजी म्हणाली, "चक्की नवी बसवली का गं? झाडण उलसंच निघायलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या आठवड्यात ती कमी जेवली असणार, हे मला माहीत होतं.

मग एके दिवशी सकाळची लाईट गेली ती दुपारी आली. सगळ्या बायका एकदम आल्या आणि त्यांच्यात गयाबाई आजीही! रेशनचे तीन किलो गहू घेऊन. ती कधी गर्दीत येत नाही आणि संध्याकाळी ती यायच्या आत मी डबा आत ठेवते, त्यामुळं तो तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिच्यासमोर काशीबाईनं चिमूट टाकली. शोभाबाईनं टाकली.

"हा कशाचा डबा गं?" आजीनं विचारलं.

शोभाबाईचा हात डब्यातच राहिला. भोंगा बंद! मी कशीबशी म्हणाले, "गावात एक म्हातारी हाय, आजी. एकटी असते. तिला देतोत."

"कोण?"

"नाव सांगितलेलं तिला आवडायचं न्हाई."

"बरोबर हाय. सांगू बी नये," आजी म्हणाली. मग तिनं वाकून डब्यात बघितलं आणि जी भडकली! "एवढंच? चिमटीनं कुठं पोट भरतंय का? महागाई काय तुमालाच हाय, तिला न्हाई?" आणि स्वतःच्या गरम पिठात दोन्ही हात घालून तिनं ओंजळभर पीठ डब्यात टाकलं. "मुठी उघडा गं!"

बायकांनी मुठी उघडल्या. काशीबाईनं दोनदा टाकलं. शोभाबाईनं तीनदा टाकलं आणि डोळ्यात पीठ उडालं म्हणत पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

संध्याकाळी आजी नेहमीसारखी आली, अंगण झाडलं. मी पिशवी दिली. तिनं ती एका हातानं उचलली, खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी उचलली.

"अगं माय! आज झाडण लय निघालं की!" तिचा चेहरा असा फुलला होता! चार पावलं गेली आणि काळजीनं परत वळली.

"पण चक्की दुरुस्त करून घे गं. लोकांचं पीठ लय खायलीय ती."