स्वस्तातली गिटार आणि दादांची पेटी

दादांनी भात्यावरचा डावा हात उचलला आणि तळवा जमिनीकडे करून माझ्या दिशेने हलवला. भाता थांबला की पेटीचा श्वास थांबतो, त्यामुळे त्या क्षणी पेटीही गप्प झाली. ढोलकी तेवढी चालू राहिली, आणि तिच्यावर माझ्या गिटारचा एक बेसूर, लांबलेला स्वर विहारासमोरच्या मंडपात सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेला. मी आवाजाचे बटण पूर्ण उतरवले. गाणे पुन्हा उभे राहिले. उरलेला कार्यक्रम मी गिटार मांडीवर घेऊन नुसती बोटे हलवत काढला. मधूनच उठून जाणे मला त्याहून वाईट वाटले.

दादा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि हडपसरच्या आमच्या वसाहतीतल्या गायन पार्टीचे प्रमुख. एप्रिलमधल्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी विहारासमोर भीमगीतांचा कार्यक्रम करायचा, ही त्यांची रीत माझ्या जन्माच्याही आधीची. मी तेव्हा तिशीत होतो आणि शेतांच्या जागी नव्याने उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअरचे काम करत होतो. ही इलेक्ट्रिक गिटार मी नोकरीला लागल्या लागल्या घेतली होती, दुकानातली सर्वांत स्वस्त. घरात पेटी असताना मला गिटारच का हवी होती, याचे उत्तर मी पुष्कळ वर्षे टाळत आलो. आता देता येते: मला दादांच्या शेजारी बसायचे होते, पण त्यांच्यासारखे दिसायचे नव्हते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर दादा टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "तुझं यंत्र आमच्यात बसत नाही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

"पुढच्या वर्षी बसलं तर ये. नाही बसलं तर समोर खुर्चीवर बस आणि ऐक. पुढचं वर्ष माझं शेवटचं. आता दम पुरत नाही."

म्हणजे दादांच्या शेजारी बसायची एकच संधी उरली होती. मी तेव्हाच मनाशी ठरवले की ती जाऊ द्यायची नाही.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी नुकताच अमेरिकेतून परतला होता आणि येताना तिकडची एक उत्तम गिटार घेऊन आला होता. त्याने मला आधीच्या एका फेरीत एक छोटी डबीही आणून दिली होती. तार छेडली की डबीवरची सुई हलते, आणि सुई बरोबर मध्ये आली की तार सुरात लागली असे समजायचे. माझी हकिकत ऐकून तो म्हणाला, "अरे, फेकून दे ती. खटारा आहे. त्याच्यावर खर्च करणं म्हणजे लूनाला कारचं इंजिन बसवणं. चांगली घे एकदाच."

तेव्हा सगळेच असे बोलत. पेठेतली जागा सोडून फ्लॅट, स्कूटर सोडून गाडी, एक कंपनी सोडून दुसरी. बदलणे म्हणजेच सुधारणे, असा त्या वर्षांचा भाव होता आणि मीही त्यातच होतो. पण माझे काम जुन्या प्रणाली सांभाळण्याचे होते. तिथे मी एक गोष्ट वारंवार पाहिली होती: दोष कुठे आहे ते न शोधता नवी प्रणाली आणली, की जुना दोष नवे कपडे घालून पुन्हा हजर होतो. नवी गिटार मला परवडली असती. पण आधी हिचे काय बिघडले आहे ते मला कळायला हवे होते. त्याला हट्ट म्हणता येईल. मी तेव्हा तत्त्व म्हणत होतो.

शनिवार पेठेत तंतुवाद्यांची दुरुस्ती करणारे एक दुकान होते. मालकांनी गिटार उलटसुलट करून पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारले, "दुरुस्त करायचीय, की नदी जवळ आहे म्हणून आलात?"

"दुरुस्तच करायचीय."

"आपण नोकरीला कुठे?"

"सॉफ्टवेअरमध्ये."

"मग बरोबर. वेळ आहे आपल्याला."

तरीही त्यांनी मला हव्या तशा घट्ट, न घसरणाऱ्या खुंट्यांचा एक संच कपाटातून काढून दिला. जुन्या खुंट्या खरोखरच वाईट होत्या. दोन गाणी होईपर्यंत तार ढिली पडे. मानेच्या टोकाशी, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथली प्लॅस्टिकची खाचांची पट्टीही त्यांनी बदलायला सांगितली आणि हाडाची बसवून दिली. परतताना स्वारगेटला बस बदलली, तेव्हा कंडक्टरने गिटारच्या पिशवीकडे बघून विचारले, "हे उभं राहणार का बसणार? बसणार असेल तर तिकीट लागेल." मी ती सबंध वाट उभ्यानेच छातीशी धरून आणली.

खुंट्या मी स्वतः बसवल्या. मग गुणगुण राहिली होती. मंडपातल्या विजेवर गिटार जोडली की मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज येई. त्यावर उपाय म्हणून गिटारचे पोट उघडून आतल्या पोकळीला धातूचा पातळ पत्रा लावतात, असे मी वाचले होते. पत्रा मिळेना, तेव्हा स्वयंपाकघरातला पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद घेतला. आई दारात उभी राहून पाहत होती.

"तुझ्या डब्याला पुरत नाही तो कागद, आणि हिच्या पोटात घालतोयस?"

"आई, गुणगुण जाईल याने."

"मग तुझ्या बापालाही थोडा लाव. पहाटेपासून गुणगुणत असतात."

गुणगुण गेली. तारा सबंध संध्याकाळ टिकू लागल्या. तारांची उंची मी पडद्यागणिक तपासून कमी केली. दसऱ्याच्या सुमारास सुरू केलेले काम संक्रांतीपर्यंत पुरे झाले, आणि सुई प्रत्येक तारेवर मधोमध येऊन थांबू लागली. ती थांबलेली सुई पाहून मला जो आनंद होई, तो थोडा अहंकाराचा होता, हे आज लिहिताना जाणवते.

फेब्रुवारीच्या अखेरीस पार्टीच्या तालमी सुरू झाल्या. विहाराच्या मागच्या खोलीत मी सगळ्यांच्या नंतर पोहोचलो, गिटार पिशवीतून काढली आणि थेट वाजवायला बसलो. ती घरून जुळवूनच आणली होती. पहिल्या कडव्यालाच माझ्या लक्षात आले, आणि माझ्या आधी दादांच्या. स्वर पेटीच्या जवळ जात होता, पण तिला भेटत नव्हता. दोघे एकाच खोलीत असून एकमेकांकडे पाठ करून बसावेत, तसे.

ढोलकीवाले काका दादांचे लहानपणापासूनचे स्नेही. त्यांनी ढोलकी गुडघ्यावरून खाली ठेवली.

"एवढं पोट फाडून ऑपरेशन केलंस, आणि पेशंटचं दुखणं तेच?"

कोरस धरणारी मंडळी हसली. दादा हसले नाहीत. त्यांनी पेटीचे झाकण लावले आणि म्हणाले, "चहा घेऊ."

मी दुसऱ्या दिवशी कचेरीत सहकाऱ्याला सगळे सांगितले. मी हरलो होतो आणि तसे बोलूनही दाखवले. तो उदार माणूस होता, म्हणाला, "माझी घेऊन जा. तिच्यावर बसव गाणं. आवडली तर तुलाच ठेव, मी वाजवतोय कुठे?" मी ती न्यायला तयार झालो, यात माझ्या तत्त्वाचे काय झाले, ते मी विचारले नाही.

पुढच्या तालमीला ती अमेरिकेची गिटार माझ्या मांडीवर होती. लाकूड असे की नुसता हात लावला तरी बोलेल. मी डबी काढली, सुई मध्ये आणली, आणि दादांना मानेने खुणावले. दादांनी भाता उघडला.

तेच झाले. तोच आंबट, चुकलेला स्वर. फक्त आता तो जास्त सुंदर आवाजात ऐकू येत होता.

"ही कुठली?" दादांनी विचारले.

"अमेरिकेची."

"म्हणजे अमेरिकेलाही आमचं जमेना."

यावर काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण त्या वाक्यात मला माझ्या कामातला रोजचा प्रश्न दिसला होता. यंत्र बदलले आणि दोष तोच राहिला, तर दोष यंत्रात नाही. मी डबी उचलली आणि पेटीसमोर धरली.

"दादा, एक सूर धरा. कुठलाही."

त्यांनी काळी चार ही पट्टी धरली. सुई मध्याच्या उजवीकडे गेली आणि तिथेच उभी राहिली. त्यांनी दुसरी पट्टी दाबली; पुन्हा उजवीकडे, तेवढीच. सगळ्या पट्ट्या तपासल्या. माझा शोध मला इतका पक्का वाटला की मी जवळजवळ ओरडलोच.

"दादा, तुमची पेटी चढी आहे!"

दादांनी पेटीच्या कडेवरून हात फिरवला. ती पेटी त्यांनी तरुणपणी एका बंद पडलेल्या पार्टीकडून घेतली होती आणि आमच्या वसाहतीतले प्रत्येक लग्न, प्रत्येक मृत्यूनंतरचे पुण्यानुमोदन, प्रत्येक जयंती तिच्याच सुरावर झाली होती. ते शांतपणे म्हणाले, "कशापेक्षा?"

मी हातातल्या डबीकडे पाहिले.

"या... या डबीपेक्षा."

"डबी गाणार आहे का जयंतीला?" काका म्हणाले. "आधी सांग, म्हणजे मी तिच्या पट्टीत ढोलकी चढवतो."

तेव्हा मला ते दिसले, जे मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि म्हणूनच कधी पाहिले नव्हते. गाणे सुरू होण्यापूर्वी पार्टी दादांभोवती बसते. दादा एक पट्टी दाबून धरतात. काका त्या सुरावर ढोलकीची दोरी ओढतात, थाप मारून ऐकतात, पुन्हा ओढतात. कोरसवाले डोळे मिटून तोच सूर गळ्यात घोळवतात. याला आमच्याकडे सूर घेणे म्हणतात, आणि त्याच्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. माझ्याकडे डबी आल्यापासून मी या बैठकीला कधी बसलोच नव्हतो. मी उशिरा येत असे, कारण मी घरूनच जुळून येत असे. सगळे एकमेकांशी जुळत होते, आणि मी एकटा अमेरिकेहून आलेल्या एका सुईशी.

मी डबी पिशवीत टाकली. दादांना म्हणालो, "पुन्हा धरा ना काळी चार."

त्यांनी धरली. मी त्या सहकाऱ्याच्या गिटारच्या तारा कानाने, हळूहळू वर चढवत गेलो, आणि एका क्षणी दोन्ही स्वर एकमेकांत असे मिसळले की पेटी कुठे संपते ते कळेना. काकांनी नुसतेच "हं" केले. त्यांच्याकडून ते पुष्कळ होते.

आता सोपा मार्ग उघडा होता. गिटार उत्तम होती, सूर सापडला होता, मालक द्यायला तयार होता. आवाजही तिचाच चांगला होता; खोटे कशाला लिहू? तरी मी ती दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. सहकाऱ्याने विचारले, "का रे, नाही जमली?" मी म्हणालो, "जमली. पण मी अजून माझीच पाहिली नाही." त्याला ते कळले नाही, आणि मलाही नीट सांगता आले नाही. माझी गिटार वर्षभर माझ्या चुकीची शिक्षा भोगत होती. तिला एकदा तरी पेटीसमोर न्याय मिळायला हवा होता.

आणि तिथे इतक्या महिन्यांचे काम उपयोगी पडले. पेटीच्या चढ्या सुरापर्यंत ओढल्यावर जुन्या खुंट्या नक्कीच घसरल्या असत्या. नव्या खुंट्यांनी तो ताण सहज धरला. मार्चभर मी प्रत्येक तालमीला सर्वांत आधी गेलो, सतरंजी घातली, पेटी उचलून जागेवर ठेवली आणि सूर घ्यायला काकांशेजारी बसलो.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मंडप भरला. समोरच्या खुर्च्यांत आई पांढऱ्या साडीत बसली होती. दादांनी काळी चार धरली, आम्ही सगळ्यांनी सूर घेतला, वंदना झाली आणि गाणी सुरू झाली. तीनएक गाण्यांनंतर दादांचे आवडते, उंच चढणारे गाणे आले. शेवटच्या अंतऱ्यात आवाज वर नेताना त्यांचा दम तुटला. शब्द अर्ध्यावर राहिला. आणि त्यांनी भात्यावरचा डावा हात उचलला.

पेटी थांबली. माझे बोट आवाजाच्या बटणाकडे गेलेच होते. पण हाताचा तळवा या वेळी वर होता, आणि बोटे मला पुढे बोलावत होती.

मी तो अर्धा राहिलेला स्वर उचलला आणि धरून ठेवला. काकांनी ठेका सोडला नाही. ओळ मी गिटारवर पुरी केली, पुन्हा वाजवली, आणि तिसऱ्यांदा वाजवत असताना दादांनी श्वास भरून घेतला, भाता ओढला आणि आवाज लावला. पेटी आली तेव्हा माझा स्वर तिच्या वाटेतच उभा होता.

कार्यक्रम संपल्यावर दादा पेटी कापडात गुंडाळत असताना काकांनी विचारले, "मग दादा, शेवटचं म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," दादा म्हणाले. मग गाठ मारून, माझ्याकडे न बघता: "पुढच्या वर्षी याला दुसरा अंतराही देऊ. मला तेवढाच दम खाता येईल."