केळशी ते गुहागर, चालत

आमचे हे जमीन मोजणीच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि तीन महिने घरातच बसून राहिले. आयुष्यभर लोकांचे बांध मोजलेला माणूस. आमच्या कळंबच्या तीन खोल्यांत मोजण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत आपण कोकणात जाऊ. चालत."

माझा घास हातातच राहिला. "कळंबपासून?"

"येडी का काय? केळशीपर्यंत एस.टी.नं जायचं. तिथनं समुद्राच्या कडंकडंनं गुहागर. पाच दिवस."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. समुद्र एकदाच पाहिलेला, तोही शाळेच्या सहलीत, बसच्या खिडकीतून आणि मुलांची डोकी मोजता मोजता. यांनी तर तेवढाही पाहिला नव्हता. मी लगेच हो म्हटलं. सासूबाई दुधात भाकरी कुस्करत होत्या. "गाड्या असताना मानसं चालतेत कशाला?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून बैठकीत मोठा कागद अंथरला गेला. मोबाईलवरून अंतरं काढायची, पट्टीनं रेघा मारायच्या, निळ्या पेन्सिलीनं समुद्र रंगवायचा. आठवडाभर पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. प्रत्येक दिवसाच्या वेळा मिनिटांत लिहिलेल्या. मुरूडच्या नावापुढं लिहिलं होतं, 'सात वाजून दहा मिनिटे : चहा.'

"अन् सात दहाला मिळाला न्हाय तर?" मी विचारलं.

"मिळंल," हे म्हणाले.

कागद पूर्ण झाल्यावर यांनी लाडघरच्या एका घरगुती मुक्कामाच्या बाईंना फोन लावला. स्पीकर चालू. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या की हो, पण भरतीची वेळ बघून निघा. भरतीला काही ठिकाणी वाळू राहतच नाही, पाणी थेट दगडाला लागतं."

यांनी फोन ठेवला. सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "कसली भरती? पोलिसाची?"

"समुद्राचं पाणी वाढतं आत्या, अन् मग उतरतं. दिवसातनं दोनदा."

"रोज?"

"रोज."

"मग ह्यो कागूद कशाला केला?"

यांनी खोडरबर घेतलं. मीही मान खाली घातली, कारण दरवर्षी वर्गात भरती-ओहोटी मीच शिकवते.

मग सराव सुरू झाला. पाठीवरच्या पिशवीत पाच-पाच किलो ज्वारी भरून आम्ही सकाळी ढोकीच्या रस्त्यानं निघायचो. 'तुमी पडलाबिडला तर कोन बघंल' म्हणून सासूबाई बरोबर यायच्या. पंच्याहत्तरीच्या बाई, पायात साध्या चपला, आणि कायम आमच्या शंभर पावलं पुढं. आमच्याकडं उगीच कुणी चालत नाही, त्यामुळं दर पाच मिनिटांनी एखादी मोटरसायकल थांबायची. "मॅडम, गाडी बंद पडली का? बसा, सोडतो." मी म्हणायची, आम्ही मुद्दाम चालतोय. त्यावर समोरचा माझ्याकडं काळजीनं बघायचा आणि यांना विचारायचा, "सगळं ठीक हाय ना सर?"

चौथ्या दिवशी यांचे नवे बूट चावले. आम्ही दोघी पुढं होतो. मागून एक मोटरसायकल आली, आमच्या बाजूनं गेली आणि मागच्या सीटवर, ज्वारीची पिशवी मांडीवर घेऊन, हे. आमच्याकडं न बघता गेले. तासाभरानं टपरीवर पोचलो तर तिघांची भजी सांगून बसलेले. "लई उशीर केला तुमी," म्हणाले.

निघायच्या आठ दिवस आधी, संध्याकाळी मी तो सुधारलेला कागद नीट वाचला. दाभोळला खाडी आहे. पलीकडं धोपावे, तिथून पुढं गुहागर. फेरीबोट पंधरा-वीस मिनिटांत पलीकडं नेते, हे त्या लाडघरच्या बाईंनीच सांगितलं होतं. यांनी मात्र दाभोळपुढं लिहिलं होतं, 'एस.टी. चिपळूणमार्गे.' सबंध दिवस घालवून खाडीला वळसा.

"हे काय?" मी विचारलं.

"बोटीचा काय भरवसा." मी बघतच राहिले, तसं हे पेन्सिलीला टोक करू लागले. टोक झालेलंच होतं. मग म्हणाले, "लहानपणी बाबांनी मला विहिरीत ढकललं होतं. पाठीला डबा बांधून. डबा सुटला. तवापासून न्हाय जमत."

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, आणि हे मला माहीत नव्हतं. आम्ही कुठल्या धरणावर गेलो की हे गाडीत बसून पेपर वाचायचे. मला वाटायचं, माणूसच रुक्ष आहे.

सासूबाई शेंगा निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्येंनी न्हाय. म्या म्हनले ढकला म्हनून. समद्यांची पोरं पवत्यात, माझंच काठावर बसतंय. त्ये नको म्हनत हुते."

यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे बाबांनी जन्मभर उगंच माझी बोलणी खाल्ली?"

"व्हय," त्या म्हणाल्या. त्यांचे हात शेंगांतच थांबले होते. मग म्हणाल्या, "मी बी येते. बोटीत तुझ्याजवळ बसते."

"ये," हे म्हणाले. "फक्त या वेळंला ढकलू नको."

यांनी कागदावरची चिपळूणची ओळ खोडली.

असे आम्ही तिघं गेलो. पाच दिवसांपैकी धड चाललो साडेतीन. कर्देच्या पुढं भरतीनं गाठलं आणि रिक्षा करावी लागली. केळशीला सासूबाईंनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं पानी, अन् पिकाला काय कामाचं न्हाय."

चौथ्या दिवशी दुपारी दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोट लागली. गाड्या चढल्या, माणसं चढली. यांचा चेहरा राखेसारखा. सासूबाईंनी यांचा हात धरला आणि बाकावर बसल्या. बोट हलली. मी यांच्याकडं बघत होते. ओठ घट्ट, पण डोळे उघडे, पलीकडच्या किनाऱ्यावर लावलेले. मग माझं लक्ष सासूबाईंकडं गेलं. डोळे गच्च मिटलेले, आणि ओठांत काहीतरी चाललेलं. कानडीत. त्यांचं माहेर उमरग्याच्या पलीकडचं. फार घाबरल्या की त्यांना माहेरची भाषा आठवते.

"आई," हे हळूच म्हणाले, "निम्मं आलं बघ."

"तूच बघ," त्या म्हणाल्या.

मग हेच त्यांना सांगत राहिले. आता एक होडी दिसतीय, आता झाडं दिसायलीत, आता धक्का. बोट लागली तरी त्या हात सोडेनात. खलाशी म्हणाला, "आजी, उतरा, गाड्या काढायच्यात." तेव्हा त्यांनी डोळे उघडले, पदर सारखा केला आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला म्हणाल्या, "लेकाला पान्याचं भ्या वाटतं. म्हनून आले मी."

हे सासूबाईंची पिशवी खांद्याला लावून गुहागरच्या रस्त्याला लागले.