हिरव्या पडद्यावरची बोटं

साठ-बासष्टची गोष्ट. अकोल्याच्या एका दवाखान्यात माझं मोडलेलं मनगट बसवत होते. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत, हिरवट पडद्यावर माझी हाडं पाण्यातल्या काड्यांसारखी तरंगत होती. शिकाऊ डॉक्टरानं उघड्या हातानं मनगट धरलं, तशी त्याचीही हाडं त्यांत मिसळली. यंत्र चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं खटका बंद केला.

"डाक्टरसाहेब, शिशाचे मोजे घाला."

"मोठे सर कुठं घालतात?"

म्हाताऱ्यानं दिवा लावून आपला हात पुढे केला. दोन बोटं नव्हती, उरलेल्यांना नखं नव्हती.

"मीबी नाई घातले. दुखत तं कायीच नोयतं. तुमी घातल्याबिगर मी खटका लावत नाई."

एरवी मोर्च्यात ओरडून नकार देणारा मी, इतका हळू नकार तिथंच ऐकला.

डॉक्टरानं मोजे घातले. पुन्हा अंधार झाला. पडद्यावर माझी हाडं परत आली. त्याची मात्र दिसेनात. तिथं मोज्यांचे दोन काळे ढग होते.