घंटी वाजली नाही

घंटीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण आरोग्य केंद्रात कुणी खऱ्या नावानं विचारलं असतं, तर शिपायानंही डोकं खाजवलं असतं. गरोदर बायकांची नर्स ती. तिच्या टेबलावर एक टॅब होता. ज्या बायकांचं बीपी वाढायची भीती, त्यांना केंद्रानं घरी मोजायला एकेक पट्टा दिला होता. सकाळी दंडाला बांधायचा, बटण दाबायचं, पट्ट्यावर उमटलेला आकडा त्यांना कळो न कळो, आपोआप टॅबवर. आकडा चढला की घंटी वाजायची आणि ही चप्पल सरकवून निघायची.

सुरुवातीला हिनंच केवढा थयथयाट केला होता! "हे खेळणं माझं काम करणार? मग मी इतकी वर्षं घरोघर चपला झिजवल्या त्या कशाला?" पण त्या घंटीमुळे एक बाई मरता मरता वाचली, आणि हिचं मन फिरलं. फिरलं म्हणजे पारच फिरलं. घरोघर जाणं बंद. बायकांना सांगून ठेवलं, "बटण दाबा आणि निवांत राहा. मी आले नाही, तर समजा सगळं ठीक." टॅक्सी चालवणारा नवरा म्हणायचा, "माझ्या हाकेला कधी ओ दिली नाहीस, त्या डबड्यासाठी मात्र भरल्या ताटावरून उठतेस."

त्या आठवड्यात घंटी गप्प होती. सगळ्या नावांपुढे हिरवे ठिपके. बाई खूश. डॉक्टरीणबाईंना म्हणालीसुद्धा, "पोरी शहाण्या झाल्यात हो!"

गुरुवारी दुपारी कंपनीचा माणूस आला. टॅब बसवायला हाच आला होता, तेव्हा मोकळा हसत होता. आज मान वर करेना.

"बाई, टॅब परत न्यायचाय."

"का बरं? चांगला चाललाय की."

"चालत नाहीये. आकडे येणं सोमवारीच बंद केलंय."

बाई हसली. "काहीतरीच! हे बघा ना, सगळे हिरवे."

"ते रविवारचे आहेत, बाई."

तिनं टॅब जवळ ओढून ठिपके पुन्हा पाहिले.

तो आपला सांगत राहिला. सुरुवातीचा खर्च देणगीतून झाला. पुढे आरोग्य खात्यानं दर बाईमागे महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, असं तोंडी ठरलं होतं. खातं म्हणे, तरतूद नाही. देणगीवाले म्हणे, आमचं काम सुरू करून देण्यापुरतं. कंपनीनं काही दिवस पदरचं घातलं, आता तिथलेच पगार थकले. "आम्ही वरच्या ऑफिसला कळवलं होतं, बाई."

"वरच्या ऑफिसात बाळंत होतात का बायका?" ती ओरडली.

आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! फीत कापायला सगळे नटूनथटून हजर होते. रोज चालवायचं कुणाच्या पैशानं, हे मात्र एकानंही विचारलं नाही. घंटीबाईनंही नाही, हेही सांगायला हवं.

"बाकीच्यांना फोन लावा," असं डॉक्टरीणबाईंना सांगून ती धावत सुटली. तिच्या डोळ्यांपुढे पट्टेवाल्या बायकांमधली शिंपीण होती. आठवा महिना, आणि बीपी आधीपासून काठावर. फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. वाटेत तिनं नवऱ्याला टॅक्सी घेऊन बोलावलं.

शिंपिणीची एकच खोली. शिवणयंत्र थांबलेलं, सुईखाली शाळेचा अर्धा शिवलेला सदरा. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंड सुजलेलं.

"बाई? घंटी वाजली का?"

"तुला काय होतंय ते सांग आधी."

"डोकं ठणकतंय कालपासून. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"मग निरोप नाही धाडायचा, बये?"

"रोज बटण दाबत होते की. तुम्ही आला नाहीत, म्हटलं ठीकच असणार."

बाईचंच वाक्य होतं ते. तिनं पट्टा बांधला, आकडा भलताच चढलेला पाहिला आणि शिंपिणीला धरून टॅक्सीत बसवलं.

टॅक्सी प्रत्येक सिग्नलला अडत होती. नवरा तोंडातल्या तोंडात शिव्या हासडत होता. शिंपिणीची बोटं मधूनच आखडत होती. "डोळे मिटू नकोस गं. बोल माझ्याशी. किती सदरे राहिलेत शिवायचे?" शिंपीण काही बोलेना. बाई नवऱ्यावरच खेकसली, "घाला ना पुढे!"

इस्पितळात शिंपिणीला थेट ऑपरेशनला नेलं. घंटीबाई बाहेर बाकावर बसली. आपण मारलं हिला, एवढंच तिच्या मनात येत होतं. नवरा शेजारी बसून राहिला, एकही टोमणा न मारता.

अखेर डॉक्टर बाहेर आले. आई वाचली होती. मुलगी एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण रडत होती. बाईचा जीव भांड्यात पडला, आणि मग तीही रडली, चांगली मोठ्यानं.

पुढे बरीच भांडणं झाली. खात्याच्या बैठकीत हिनं साहेबांना फैलावर घेतलं. कंपनीनं दर उतरवला, खात्यानं नेहमीच्या खर्चात तो धरला. आकडा आला नाही तर ठिपका काळा होणार, आणि केंद्राला सांगितल्याशिवाय काही बंद होणार नाही, हेही करारात आलं. टॅब पुन्हा टेबलावर बसला.

शिंपीण लेकीला घेऊन घरी आली. तिचं बीपी अजून पुरतं उतरलं नव्हतं, म्हणून पट्टा तिच्याकडेच होता. एका सकाळी दारात घंटीबाईला बघून तिच्या छातीत धस्स झालं.

"बाई! घंटी वाजली का?"

"नाही वाजली," बाई चप्पल काढत म्हणाली, "म्हणूनच आले."