कुणाच्या वतीनं?

स्पीकरमामांनी साऱ्या आयुष्यात हजारो वेळा माइक हातात धरला असेल. पण त्यात स्वतःचे असे एक वाक्यही ते बोलत नसत. माइक चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी इतर लोक ‘हॅलो, हॅलो’ करतात. मामा तेही करत नसत. बोटाच्या नखाने जाळीवर हलकेच टिचकी मारायची, देवळावरच्या कर्ण्यातून ती परत येते का हे मान तिरकी करून ऐकायचे, आणि माइक बोलणाऱ्याच्या हाती देऊन मशीनपाशी जाऊन बसायचे. याचे कारण मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, “गुरुजी, पोस्टमन काय सोताचं पत्र घालतो का पिशवीत? आवाज लोकांचा. आपली फकस्त वायर.”

आमचे गाव भीमेच्या काठी. निम्मा व्यवहार शिरूरशी, निम्मा नदीपलीकडे दौंडशी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या शाळेवर बदलून गेलो, तेव्हा दवंडी बंद होऊन तिची जागा मामांच्या कर्ण्याने घेतली होती. सायकलच्या कॅरियरवर बॅटरी, हँडलला कर्णा आणि गळ्यात अडकवलेला माइक अशा थाटात ते गल्लोगल्ली फिरत. लसीकरण, सोसायटीची सभा, हरवलेली शेळी, कुणाची मयत, सगळे त्यांच्याच तोंडून कळायचे. जातीने ते मुलाणी. गावात मुसलमानांची घरे मोजकी. हुसेन हे त्यांचे नाव मी फक्त एकाच माणसाच्या तोंडून ऐकले, ते अण्णा. अण्णा म्हणजे सोसायटीचे चेअरमन, गावातले वजनदार शेतकरी. दोघे लहानपणी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून नदी ओलांडत, असे दोघेही सांगत. मात्र पुढे कोण बसायचे, यावर त्यांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही.

मामांचा एक नियम होता. पुकारा सांगायला कुणीही आले, की मजकूर ऐकण्याआधी ते विचारत, “कुणाच्या वतीनं?” प्रत्येक पुकाऱ्याच्या शेवटी ‘अमुक यांच्या वतीने’ हे आलेच पाहिजे. एकदा एक गृहस्थ सांगायला आले, की रात्री विहिरीवरची मोटर चोरणाऱ्याला आम्ही ओळखतो, त्याने मुकाट्याने आणून द्यावी. “कुणाच्या वतीनं?” गृहस्थ म्हणाले, “नाव नका घेऊ मामा, उगा वाकडेपणा नको.” मामांनी सायकल स्टँडवर लावली. “नाव न्हाई तर ह्यो पुकारा न्हाई, शिवी हाय. शिवी सोताच्या तोंडानं द्या. माझ्या कर्ण्यातनं न्हाई.”

या नियमाची गंमतही होई. दूध सोसायटीत दोन गट पडले आणि दोघांनी एकाच वेळी एकाच चौकात आपापली सभा लावली. मामांनी दोन्ही पुकारे केले. एका गल्लीत एक आणि पुढच्या गल्लीत दुसरा असे नाही. एकाच दमात, एकाच आवाजात, लागोपाठ. आधी अण्णांच्या वतीने खरी सभा, मग विरोधकांच्या वतीने खरी सभा. अण्णा तणतणत आले, “हुसेन, तू नक्की कुणाच्या बाजूचा रे?” मामा म्हणाले, “बॅटरीच्या. ती उतरायच्या आत दोघांचंबी उरकलं.”

मी गावात नवा असताना मुंबईत बॉम्बस्फोट झाले. चौकात शोकसभा झाली. मामांनी माइक लावला आणि ते नेहमीप्रमाणे मशीनपाशी बसले. सभेत पुष्कळ लोक बोलले. मामांकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही. आपल्याकडे कुणी न पाहणे ही केवढी मोकळीक असते, हे मला तेव्हा समजण्याचे कारण नव्हते. ते समजले पुढे कितीतरी वर्षांनी, दोन हजार आठ साली, नोव्हेंबरच्या अखेरीस.

मुंबईवर हल्ला झाला ते दिवस वाचकांना आठवत असतील. गावात तोवर घरोघरी टीव्ही आला होता. ऊसतोड चालू होती, तरी लोक फडातून लवकर घरी येत आणि टीव्हीपुढे बसत. जे दिसत होते ते कुणालाही हादरवणारे होते. राग खरा होता, दुःखही खरे होते. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडले ते केवळ दुष्टपणातून घडले, असा समज होऊ नये.

सलूनमध्ये वाद रंगत. एक हल्लेखोर जिवंत सापडला होता. “त्याला पोसायचा कशाला? चौकात आणा,” असे एक म्हणे. दुसरा म्हणे, “आरं, मग त्याच्यात आन् आपल्यात फरक काय? कोर्ट हाय ना.” “कोर्टात तारखा पडत्यात, बाबा.” असे चालू असताना मामा दाढीला आले. कारागिराने ब्रश थांबवून विचारले, “मामा, तुमचं काय म्हणणं?”

“तुमचं हाय त्येच.”

“तसं न्हाई. तुमचं सोताचं काय?”

मी बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. माझे स्वतःचे काय, हे मला कुणी विचारले नाही. मामांच्या गालावरचा साबण वाळत होता. शेवटी ते म्हणाले, “वाईट झालं. लई वाईट झालं. आता वस्तरा घे.”

तरुणांच्या मंडळाने आठवडे बाजाराच्या दिवशी गाव बंद आणि संध्याकाळी निषेध सभा ठरवली. पुकारा सांगायला ते मामांकडे गेले. “कुणाच्या वतीनं?” पोरे म्हणाली, “समस्त ग्रामस्थांच्या.” मामा म्हणाले, “बाजारच्या बायांना इचारलं का?” त्यांना विचारले नव्हतेच. भाजी विकणारी हिरामावशी शेजारीच उभी होती. धनगरवाड्यावरची ही बाई शब्द गिळणारी नव्हती. “बाजार बुडला तर माझी मेथी पिवळी पडंल. त्यानं त्यो मारणारा रडणार हाय व्हय?” एकजण म्हणाला, “मावशी, देशापरीस मेथी मोठी का?” “देशात मेथी खाणारी माणसंच ऱ्हात्यात नव्हं?” सगळे हसले, पण एका पोराने मामांना उद्देशून म्हटले, “बंदला तुमचाच इरोध दिसतोय.” मामांचा हात माइकवर होता. नेहमीचे मामा असते, तर ‘मंडळाच्या वतीने’ असे म्हणा असा हट्ट त्यांनी धरला असता. त्या दिवशी त्यांनी सायकल काढली आणि ‘समस्त ग्रामस्थांच्या वतीने’ असा पुकारा करत ते निघून गेले. हिरामावशी कितीतरी वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली.

सभेच्या दिवशी दुपारी अण्णा मामांना घेऊन शाळेच्या व्हरांड्यात आले. सूत्रसंचालन माझ्याकडे होते; अशी कामे गावात शिक्षकाकडेच येतात. अण्णा म्हणाले, “गुरुजी, पहिलं नाव हुसेनचं घ्या. दोन शब्द बोलू द्या. म्हंजी पोरांची तोंडं बंद व्हतील.”

मी म्हणालो, “अण्णा, ज्याचा गुन्ह्याशी संबंध नाही त्याच्याकडून वेगळा निषेध मागायचा, म्हणजे त्याचा संबंध आहे असे आपणच धरून चालायचे. मी त्यांचे नाव पुकारणार नाही.”

“तत्त्व बराबर हाय, गुरुजी. पण तत्त्वानं डोकी थंड व्हत्यात का? सप्ताहाला दौंडवरनं दुसरा स्पीकर आणायचं घाटतंय. ह्याचा पोरगा सलीम कुरकुंभला कंपनीत जातो, त्याच्याशेजारी बसमधी कुणी बसंना. उद्या काय झालं तर तुमचं तत्त्व आडवं येणार हाय का? तुम्ही न्हाई पुकारलं, तर मी पुकारीन.”

आजही मी हा प्रश्न मनात मांडतो, तेव्हा अण्णांची बाजू मला खोडता येत नाही आणि माझी सोडवत नाही.

मामा इतका वेळ व्हरांड्याच्या पायरीवर बसून वायरीचे वेटोळे सोडवत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, “आन् न्हाई बोललो तर?”

“तर म्हणतील, बघा, गप बसला.”

“आन् बोललो तर म्हणतील, बघा, बोलावं लागलं.” मामांनी वेटोळे खाली ठेवले. “बरं, बोलतो. कुणाच्या वतीनं बोलू?”

अण्णा सहज म्हणाले, “तुमच्या लोकांच्या.”

“माझी लोकं?” मामांनी अण्णांकडे पाहिले. “माझी लोकं म्हंजी कोण रं? तू न्हवं व्हय?”

अण्णांनी उपरणे झटकले आणि ते चालू लागले. त्या दोघांमध्ये ‘तू’चा ‘तुम्ही’ झालेला मी पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तो आदराचा नव्हता.

सभेला चौक भरला. अण्णांनीच नाव पुकारले. मामा मशीनपासून उठले. माइकपर्यंतचे अंतर फार नव्हते, पण लोकांनी आपण होऊन वाट मोकळी केली आणि त्यामुळे ते लांब वाटले. सवयीने त्यांनी जाळीवर टिचकी मारली. नंतर दुसऱ्याला माइक देण्यासाठी हात पुढे केला, आणि समोर कुणी नाही हे लक्षात आल्यावर तो मागे घेतला. मग आपल्या पुकाऱ्याच्या ठरलेल्या सुरात ते म्हणाले, “ऐका हो ऐका. मुंबईत निरपराध माणसं मारली. ज्यांनी मारली, त्यांचा निषेध हाय. मेलेल्यांच्या घरच्यांना धीर मिळू दे. ह्यो निषेध...”

इथे ते थांबले. ‘यांच्या वतीने’ हे शब्द येण्याची ती जागा होती. साऱ्या गावाला ती जागा पाठ होती. मामांनी एकदा अण्णांकडे पाहिले, एकदा पुढच्या रांगेतल्या पोरांकडे, आणि वाक्य तसेच टाकून माइक खाली ठेवला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका, की माइकने शिट्टी धरली आणि मामांनाच धावत जाऊन मशीनचा आवाज कमी करावा लागला.

सभेनंतर ते वायरी गुंडाळत होते. मी म्हणालो, “मामा, लोकांनी मान दिला.” त्यांची समजूत काढण्याचा माझा हेतू होता. ते म्हणाले, “गुरुजी, तुम्हीबी निषेध केला. अण्णानं केला, सरपंचानं केला. टाळ्या कुणाला वाजल्या? फकस्त मला. म्हंजी तुमची लोकांना खात्री व्हती, माझी न्हवती.” वायरीचा शेवटचा वेढा त्यांनी खांद्यावर टाकला. “आन् ही खात्री बी आजच्यापुरतीच हाय. पुढच्या टायमाला परत.”

गावाच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटले. सप्ताहाला मामांचाच कर्णा लागला. सलीमच्या शेजारची बसमधली जागाही पुन्हा भरू लागली. अण्णा भेटले की म्हणत, “बघा गुरुजी, मी म्हणलो नव्हतो?” आणि ते खरेच होते. मामा मात्र पुकारा सांगायला आलेल्या माणसाला काही विचारीनासे झाले. जो जे सांगेल ते बोलत. नावानिशी, बिननावाचे, कसेही.

पुढे सव्वा वर्षाने पुण्यात स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना चौकात पाहतो, तो मामांनी कर्णा चढवला होता. सभा ठरलेली नव्हती. कुणी त्यांना बोलावलेही नव्हते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, आणि ते मशीनपाशी नव्हे, तर माइकपुढे उभे होते. समोर पारावर दोन म्हातारे आणि एसटीची वाट पाहणारी चार माणसे, एवढाच श्रोतृवर्ग होता. मी जवळ गेलो. म्हटले, “मामा, हे काय?”

“कुणी इचारायच्या आधी बोलून टाकतो, गुरुजी. म्हंजी दिवस मोकळा जाईल.”

त्यांनी टिचकी मारली आणि तोच पुकारा केला. शेवटचे वाक्य तेवढ्यावरच सोडले. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. एसटी आली, माणसे चढली, आणि मामांनी कर्णा उतरवला.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. सलीमने सकाळी निरोप पाठवला. मयतीचा पुकारा तर करायला हवा होता, आणि पुकारा करणारा माणूसच गेला होता. अण्णांनी मामांच्या घरातून सायकल बाहेर काढली, हँडलचा कर्णा सारखा केला आणि माइक माझ्या हातात दिला. मी टिचकी मारली. बॅटरी भरलेली होती. मामांनीच भरून ठेवली असणार. मी मजकूर मनात जुळवला: नाव, गाव, दफनाची वेळ. मग थांबलो, कारण इतक्या वर्षांच्या ऐकण्याने ती जागा मलाही पाठ झाली होती.

“अण्णा, कुणाच्या वतीने?”

अण्णांनी सायकलचे हँडल घट्ट धरले होते. मला वाटले, ते ‘समस्त ग्रामस्थांच्या’ म्हणतील.

“माझ्या,” ते म्हणाले. “माझं नाव घाला. आधी माझं. गावाचं मागनं बघू.”