सांडव्यावरच्या गोण्या

गहिनीनाथाच्या घरी पाणी मागितलं की तांब्या लगेच यायचा, पण पाहुणा पिऊन होईपर्यंत गहिनीनाथ समोरून हलायचा नाही. उरलेलं पाणी कुणी अंगणात फेकलं की संपलंच. मग तो जावई असो नाहीतर तलाठी, त्याची हजेरी घेतली जायची. तिसगावच्या बाजारात गळका नळ दिसला तर रुमाल फाडून त्याला बांधून येणारा हा माणूस. बायको बनुबाई म्हणायची, ह्यांच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा खाली पडत नाही. गाव त्याला नाना म्हणायचं, हसायचं आणि मानायचंही. टँकरची वाट बघण्यात जन्म घालवलेल्या गावाला असा माणूस आपला वाटणारच.

गावाच्या वरच्या अंगाला मातीच्या बांधाचं तळं होतं. डोंगरावरून येणारा लोंढा अडवायचा आणि ओढ्याकाठची वस्ती वाचवायची, म्हणून ते बांधलेलं. तळं भरलं की जास्तीचं पाणी एका कडेच्या दगडी सांडव्यावरून ओढ्यात निघून जायचं. ते जाणारं पाणी बघून गहिनीनाथाचा जीव तुटायचा. एका वर्षी त्याने गडी गोळा केले आणि वाळूच्या गोण्या रचून सांडवा कमरेइतका उंच करून टाकला. गोण्या वाहून जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीत सिमेंट मिसळायची अक्कलही त्याचीच. गोण्या वर नेल्या त्याच्या जिवलग दोस्ताने, नूरमहंमदने, स्वतःच्या टेम्पोतून. नूरमहंमद आणि त्याची बायको रजिया तळ्याखालच्या वस्तीवरच राहायचे. रजियाने त्या दिवशी सगळ्या गड्यांना चहा करून पाजला होता. पुढच्या उन्हाळ्यात विहिरींना वैशाखातही पाणी टिकलं, आणि ग्रामसभेत गहिनीनाथाच्या खांद्यावर शाल पडली.

मग पूजा नावाची तरुण इंजिनिअर तळ्याच्या पाहणीला आली. गोण्या बघून तिचा चेहराच उतरला. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध उरत नाही, सांडवा मोकळा असला तरच तो जगतो, असं तिने परोपरीने समजावलं. पावसाळ्याआधी एवढ्या गोण्या काढा, म्हणाली.

"बाई, तुमी त्याचं नावच सांडवा ठिवलंय," गहिनीनाथ म्हणाला. "पानी सांडायचंच हुतं, तर तळं कशाला बांधलं?"

सगळे हसले. बाई हसली नाही. ती पुन्हा आली, ग्रामपंचायतीवर नोटीस लावून गेली. गावाने दर वेळी मान डोलावली, तिला चहा पाजला, आणि जूनमध्ये कोरडं आभाळ बघून गोण्यांना कुणी हात लावला नाही. राग येतो तो याचाच. बेपर्वा माणसांना निदान शिव्या तरी घालता येतात. ही माणसं पाण्याला जिवापाड जपत होती, आणि जपता जपताच त्यांनी आपल्या गळ्याला फास लावून घेतला.

सप्टेंबरात डोंगरावर पावसाने कहर केला. रात्रभर कोसळून सकाळीही तो थांबेना. गहिनीनाथ बांधावर गेला तेव्हा पाणी माथ्याला टेकायला आलं होतं. काठोकाठ भरलेलं तळं बघायची हौस त्याने जन्मभर बाळगली होती, आणि ते समोर दिसल्यावर तो दोन पावलं मागे सरला. त्याने नूरमहंमदला फोन लावला. वहिनीला घे, वस्तीला उठव आणि शाळेकडे निघा, एवढंच बोलला.

नूरमहंमदने वस्तीला हाका घातल्या, रजियाला निघायला सांगितलं आणि स्वतः दोन पहारी घेऊन दोस्ताच्या मदतीला धावला. माणसं बाहेर पडली. रजिया मागे राहिली. "नानांनी बांध राखलाय, काय बी हुत न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी व्हा म्होरं. गड्यांना चार भाकरी टाकते आन् आलेच."

सांडव्यावर दोघांनी पहारी चालवल्या. बारदान केव्हाच कुजून गेलं होतं आणि आत वाळू-सिमेंटची एकसंध भिंत झाली होती. पहार आपटली की हाताला झिणझिण्या यायच्या, निघायची फक्त कपची. बनुबाई बाया घेऊन आली. त्या नखांनी ओरबाडायला लागल्या. अशातही एक जण म्हणाला, वरचा थर तेवढा काढा, बाकीचं पाणी राहू द्या. कालपर्यंत गहिनीनाथही हेच म्हणाला असता. आता तो रडत होता, शिव्या देत होता, आपणच कालवलेल्या सिमेंटवर घाव घालत होता. तळहात सोलून पहार रक्ताने निसरडी झाली तरी त्याने ती सोडली नाही.

एवढंसं भगदाड पडलं. पाणी त्यातून उसळलं आणि सगळ्यांना वाटलं, निभावलं. तेवढ्यात पलीकडे, बांधाच्या मधोमध, माथ्यावरून पाण्याची पातळ चादर खाली घसरताना दिसली. तिच्याखालची माती विरघळत गेली आणि बघता बघता बांध खचला. दोघेही रजियाच्या नावाने ओरडत काठाकाठाने पळाले. त्या आवाजात त्यांना स्वतःची हाकही ऐकू आली नाही.

रजिया दिवस मावळताना सापडली, ओढ्याच्या खालच्या बाभळींत. तिची पीठ मळायची परात घरापासून लांब, कुणाच्या तरी उसात रुतलेली होती.

दुसऱ्या दिवशी तळं रिकामं होतं आणि गावातल्या विहिरी गाळाने भरलेल्या. मयतीला आंघोळ घालायला स्वच्छ पाणी नव्हतं, म्हणून टँकर मागवला. शाळेच्या एका खोलीत बाया रजियाला न्हाऊ घालत होत्या. बाहेर भिंतीला टेकून गहिनीनाथ उभा होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि त्याला तेच बरं वाटत होतं. टँकरचा नळ ठिबकत होता. माणसांनी सवयीने गहिनीनाथाकडे पाहिलं. त्याने नजर वर केली नाही.

नूरमहंमद तांब्या भरून त्याच्यापाशी आला. त्याने दोस्ताचे सोललेले, मातीने भरलेले हात पुढे ओढले आणि त्यांवर पाण्याची धार धरली. गहिनीनाथाने जन्माच्या खोडीने खाली ओंजळ केली. पाणी बोटांमधून गळायला लागलं.

"नूरभाई, पानी सांडतंय," तो पुटपुटला.

"सांडू दे, नाना," नूरमहंमद म्हणाला. "तवाच सांडू द्यायला पायजे हुतं."

आणि त्याने तांब्या शेवटपर्यंत ओतला.